रेलिंग, जाळी की हार्नेस? साइटवर सुरक्षेचा निर्णय घेताना

आधी धोक्यांची यादी करा. प्रत्येक धोक्याला दोन आकडे द्या: घडण्याची शक्यता 1 ते 5 आणि इजेची गंभीरता 1 ते 5. दोन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. या गुणाकारात एक खोट आहे. रोज हाताला खरचटणं (5 × 1) आणि क्वचित कोणी लिफ्टच्या डक्टमध्ये पडणं (1 × 5), उत्तर दोन्हीकडे 5च. म्हणून गंभीरता 5 असेल तर गुणाकार न बघता तो धोका यादीत वर घ्या.

आता उपाय. आधी चाळणी, मग तुलना; इथेच बहुतेकांचं चुकतं. समजा, स्लॅबची कड जमिनीपासून 3 मीटरवर आहे आणि हार्नेसचा (अंगाला बांधायच्या सुरक्षा पट्ट्याचा) हूक पायांच्या पातळीवर स्लॅबला अडकवलाय. दोरी 1.8 मीटर, पाठीवरच्या रिंगपासून तळपायापर्यंत साधारण 1.5 मीटर. बेरीज 3.3. म्हणजे दोरी ताणली जाण्याआधीच माणूस जमिनीवर. शॉक अॅब्सॉर्बर (पडतानाचा झटका शोषणारी घडीची पट्टी) उलगडायला लागणारा मीटरभर तर अजून धरलेलाच नाही. असा पर्याय स्वस्त असला तरी तुलनेत घेऊच नका. (दोरी इतकी आखूड की कडेपर्यंत पोचताच येत नाही, तर गोष्ट वेगळी.)

उरलेल्या पर्यायांसाठी गणितज्ञ थॉमस साटी यांची जोडीजोडीने तुलना करण्याची पद्धत वापरा. मोजपट्टी 1 ते 9: 1 म्हणजे दोन्ही सारखे, 9 म्हणजे एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. समजा, सुरक्षितता खर्चापेक्षा 5 पट आणि वेळेपेक्षा 3 पट महत्त्वाची, वेळ खर्चापेक्षा 2 पट. हे आकडे तक्त्यात मांडा; उलट जोडीत 1/5, 1/3, 1/2 आणि स्वतःशी तुलनेत 1 भरा. प्रत्येक आकड्याला त्याच्या स्तंभाच्या बेरजेने भागा आणि ओळीची सरासरी काढा: सुरक्षितता 0.65, वेळ 0.23, खर्च 0.12. प्रत्येक निकषावर रेलिंग आणि जाळीचे गुण काढून या वजनांनी गुणा, बेरीज करा.

सुसंगती गुणोत्तर (उत्तरांमधली विसंगती मोजणारा आकडा) 0.10 च्या वर गेलं तर उत्तरं एकमेकांना छेद देताहेत, पुन्हा विचारा. फोरमन, मुकादम, इंजिनिअर यांनी तक्ता वेगवेगळा भरावा, एकत्र बसले की सगळे साहेबांच्या आकड्याला मान डोलावतात. नंतर आकड्यांची भूमितीय सरासरी (तिघांचे आकडे गुणून घनमूळ) घ्या, साधी नको; साध्या सरासरीत 5 आणि 1/5 चा मेळ बिघडतो.

माल आत घ्यायला रेलिंग काढावं लागणार असेल, तर तेवढ्या वेळेचा उपाय आणि ते परत बसवणाऱ्याचं नाव त्याच तक्त्याखाली लिहा.