रक्तातील जंतुसंसर्ग आणि उपचारादरम्यान येणारा प्रतिरोध: या चुका टाळा

जत, आटपाडी, कवठे महांकाळ या भागांतून रक्तातील जंतुसंसर्गाचे रुग्ण मिरजेला आणले जातात, तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये बऱ्याचदा एकच क्रम आढळतो. तीन-चार दिवस इंजेक्शने दिली, ताप उतरला, तो पुन्हा चढला आणि लगेच आणखी भारी अँटिबायोटिक सुरू झाले. मधल्या काळात दुसरे ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का आणि कोणते औषध त्यांना लागू पडते, हे पाहणारी तपासणी) पाठवलेले नसते. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ताप परतला म्हणजे एक तर जंतू पहिल्यासारखे राहिलेले नसतात, किंवा शरीरात कुठेतरी त्यांचा अड्डा शाबूत असतो, आणि पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. कधी कारण अगदीच वेगळे निघते, उदाहरणार्थ शिरेतील सुई किंवा औषधाचाच ताप. कल्चरशिवाय यांतले काहीच ओळखता येत नाही.

कोट्यवधी जंतूंमध्ये औषधाला दाद न देणारे, म्हणजे प्रतिरोधी, थोडे जंतू आधीपासूनच असू शकतात. औषधाने बाकीचे मेले की त्यांना रान मोकळे मिळते. एंटेरोबॅक्टर या जंतूच्या बाबतीत हे फार पूर्वी दिसून आले आहे. 1991 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन (सेफ्ट्रियाक्सोनसारखी अँटिबायोटिक्स) दिलेल्या 31 रुग्णांपैकी 6 जणांमध्ये उपचार चालू असतानाच प्रतिरोध निर्माण झाला. म्हणून रिपोर्टमध्ये एंटेरोबॅक्टर क्लोएसी (याच जंतूची एक जात) असे लिहिलेले असेल, तर सेफ्ट्रियाक्सोनसमोर 'सेन्सिटिव्ह' छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये. रिपोर्टनुसार सेफेपिम हे अँटिबायोटिक लागू पडत असल्यास ते, नाहीतर कार्बापेनेम गटातले (उदाहरणार्थ मेरोपेनेम) निवडावे. तसेच रिफॅम्पिसिन हे औषध स्टॅफिलोकोकस या जंतूविरुद्ध एकटे कधीही देऊ नये, कारण त्याला प्रतिरोध फार लवकर येतो.

नमुना घेतानाच काही गोष्टी बिघडतात. प्रौढ रुग्णाच्या प्रत्येक बाटलीत साधारण 8 ते 10 मिलिलिटर रक्त हवे, आणि पहिल्या डोसच्या आधी शरीरावरच्या दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच (प्रत्येक संचात दोन बाटल्या) घ्यायला हवेत. प्रत्यक्षात एकाच बाटलीत दोन-तीन मिलिलिटर रक्त येते, आणि नातेवाईक ती बर्फाच्या डब्यात घालून आणतात. कल्चरची बाटली फ्रीजमध्ये किंवा बर्फात कधीही ठेवू नये. ती खोलीच्या तापमानाला ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. स्टॅफिलोकोकस ऑरियस आढळल्यास कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी ते पुन्हा घ्यावे. उपचाराचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजावेत: गुंतागुंत नसेल तर किमान 14, असेल तर चार ते सहा आठवडे. झडपेवर संसर्ग नाही ना, हे पाहण्यासाठी हृदयाची सोनोग्राफीही करून घ्यावी.

याउलट, 'जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित' हा समजही खरा नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स या चाचणीत साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांमध्ये सात दिवसांचा उपचार 14 दिवसांपेक्षा कमी पडला नाही. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियसचे रुग्ण मात्र घेतलेले नव्हते.

अड्डा मोकळा करणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. मधुमेही शेतकऱ्याच्या पायातला पू, मूतखड्याने अडलेले मूत्रपिंड, यकृतातील गळू, आठवडाभर जागेवर असलेली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी): यांपैकी काहीही तसेच राहिले, तर तिथे औषध पुरेसे पोहोचत नाही आणि नेमक्या त्या अपुऱ्या मात्रेतच प्रतिरोधी जंतू वाढतात. पू काढायला शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवून आणखी एक अँटिबायोटिक जोडणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय.

डोस चुकण्याची जागाही ठरलेली आहे. तालुक्याच्या रुग्णालयातून मिरजेला हलवताना आठ तासांनी द्यायचे मेरोपेनेम रस्त्यातच राहून जाते, कारण पाठवणीच्या कागदावर औषधाचे नाव असते, पण शेवटचा डोस किती वाजता दिला हे नसते. ती वेळ मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि नातेवाइकांनीही विचारून घ्यावी.

ब्लड कल्चरचा अंतिम अहवाल यायला दोन-तीन दिवस किंवा अधिक लागतात, आणि तोवर रुग्ण दुसरीकडे गेलेला असू शकतो. त्यामुळे नमुना पाठवतानाच प्रयोगशाळेला नव्या डॉक्टरांचा फोन नंबर द्यावा आणि अहवाल आल्याबरोबर चालू औषध त्याच्याशी ताडून पाहण्यास डॉक्टरांना सांगावे.