रक्तदान शिबिरात लँडस्टायनरवर दहा मिनिटं बोलायचं असेल तर

14 जूनचं शिबिर असलं की आदल्या रात्री कमिटीतलं कोणीतरी फोन करतंच, ताई तुम्ही ब्लड बँकेत आहात ना, मग उद्या ज्याचा वाढदिवस आहे त्या लँडस्टायनरवर, रक्तगट शोधणाऱ्या शास्त्रज्ञावर, दहा मिनिटं बोला की. मी टेक्निशियन, भाषणं करणारी नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी नेटवरून जन्म शिक्षण पुरस्कार सगळं वहीत उतरवलं आणि वाचून दाखवलं. तिसऱ्या मिनिटाला पुढच्या रांगेतले काका बिस्किटाचा पुडा फोडायला लागले. नंतर दोनतीन वर्षं वेगवेगळं करून बघितलं आणि आता जे जमतंय ते इथे लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बघा.

सामान काही नाही, एक पांढरा चार्ट पेपर, पट्टी, लाल आणि काळं स्केच पेन. घरीच सहा बाय सहाचा तक्ता आखून न्या, तिथे आखत बसलात तर लोक उठून जातात. आडव्या ओळींच्या आधी आणि उभ्या रकान्यांच्या वर तीच सहा नावं त्याच क्रमाने लिहायची: श्टॉर्क, प्लेच्निग, स्टुर्ली, एर्डहाइम, झारिच, लँडस्टायनर. ही खरी माणसं आहेत, व्हिएन्नातली, आणि हा तक्ता लँडस्टायनरच्या 1901 च्या पेपरमधलाच (म्हणजे शोधनिबंधातलाच) आहे, 14 नोव्हेंबरला छापून आला होता. शेवटचं नाव त्याचं स्वतःचं, म्हणजे बाकीच्यांबरोबर आपलंही रक्त काढून तपासलं गड्याने. आणि बाकीच्या पाचांपैकी चौघांच्या नावापुढे डॉक्टर आहे, स्वतःच्या पुढे लावलेलं नाही, हे मला भारी वाटतं म्हणून मी सांगतेच.

सुरुवात जन्मापासून करू नका. सुरुवात प्रश्नापासून करा, की त्या काळी माणसाचं रक्त माणसाला चढवलं तर एखादा खडखडीत बरा व्हायचा आणि एखादा थंडी वाजून, लघवी काळी होऊन मरायचा, आणि का ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मग 1900 ची तळटीप सांगा. कार्ल लँडस्टायनरने एका पेपरच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं की निरोगी माणसाचं सीरम दुसऱ्या निरोगी माणसाच्या लाल पेशींचे गोळे करतं, आता हे माणसामाणसांतल्या फरकामुळे आहे की कुठल्या जंतूमुळे ते बघावं लागेल. बाकीच्यांनी असले गोळे बघितले की पेशंटच्या आजाराचा परिणाम म्हणून सोडून द्यायचे, याने मात्र धडधाकट माणसं धरली, म्हणजे आजाराचा प्रश्नच मिटला. माझ्या मते त्याची खरी हुशारी इथेच आहे.

सीरम म्हणजे काय हे लोकांना माहीत असेलच असं धरू नका. मी सांगते की रक्त बाटलीत गोठलं की दह्यावर निवळी येते तसं वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम, आणि लाल पेशी वेगळ्या. आडवी ओळ सीरमची, उभा रकाना पेशींचा. गोळे झाले तर लाल अधिक, नाही झाले तर काळं वजा.

आता तक्ता भरायचा, आणि तो तुम्ही नाही भरायचा, लोकांना बोलवायचं, एकेका ओळीला एक माणूस. लँडस्टायनरच्या ओळीत प्लेच्निग, स्टुर्ली, एर्डहाइम, झारिच या चौघांखाली अधिक, श्टॉर्क आणि तो स्वतः वजा. श्टॉर्कची ओळ हुबेहूब तशीच. प्लेच्निग आणि झारिच यांच्या ओळीत फक्त स्टुर्ली आणि एर्डहाइमखाली अधिक. स्टुर्ली आणि एर्डहाइमच्या ओळीत उलटं, फक्त प्लेच्निग आणि झारिचखाली अधिक. छत्तीस चौकोनांत सोळा अधिक आले पाहिजेत, मोजून घ्या, एकदा माझ्याकडे पंधरा आले होते आणि एका अकरावीतल्या मुलीने सगळ्यांसमोर पकडलं.

भरून झालं की गप्प बसा. खरंच, अर्धा मिनिट काही बोलू नका. कोणीतरी म्हणतंच की स्वतःच्या पेशींवर कुणाचंच सीरम चालत नाही, तिरपी रेघ सगळी वजा आहे. मग दुसरं कोणी म्हणतं की दोन दोन माणसं सारखी आहेत, जोड्या आहेत. झालं, हेच लँडस्टायनरला दिसलं. स्टुर्लीची जोडी ए, प्लेच्निगची बी, आणि त्याची स्वतःची सी. हो, सी. ओ हे नाव दहाएक वर्षांनी जर्मन लोकांनी रूढ केलं, तो शून्यही धरतात आणि 'शिवाय' या अर्थाच्या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षरही, कारण त्या पेशींवर ए ची खूण पण नाही आणि बी ची पण नाही. म्हणजे साहेब स्वतः ओ ग्रुपचे. हे सांगितलं की ओ पॉझिटिव्हवाल्यांची छाती उगाच फुगते, फुगू द्या, पॉझिटिव्ह निगेटिव्ह हा प्रकार नंतरचा आहे तेही इथेच सांगून टाका, 1940 मध्ये अलेक्झांडर वीनरबरोबर ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरून त्यानेच तो बाहेर काढला.

हा तक्ता डोक्यात बसला की मग आयुष्य सांगायचं, आणि तेही सगळं नाही. 1868 चा जन्म, व्हिएन्नाजवळचं बाडेन. वडील पत्रकार, तो सहा वर्षांचा असतानाच गेले, पुढे आईनेच वाढवलं, आणि ती 1908 मध्ये वारली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा साचा करून त्याने तो मरेपर्यंत भिंतीवर ठेवला होता. एवढं सांगितलं तरी पुरे, बायका तिथे शांत होतात. व्हिएन्नाच्या पॅथॉलॉजी विभागात दहा वर्षांत साडेतीन हजारांच्या वर पोस्टमॉर्टेम केली, म्हणजे दिवसाला जवळपास एक, आणि रक्ताचं काम त्यातून वेळ काढून. पोलिओ हा विषाणूमुळे होतो हे पण एर्विन पॉपरबरोबर यानेच दाखवलं, ते एका वाक्यात उरका नाहीतर गाडी भलतीकडे जाते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात खायचे वांधे झाले तेव्हा 1919 ला बायको आणि लहान मुलाला घेऊन हॉलंडला, हेगच्या एका छोट्या हॉस्पिटलात, आणि तिथे हा माणूस रोजच्या लघवी रक्ताच्या तपासण्या करत बसला. आमच्यासारखंच काम हो! मी हे वाचलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं. नंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटने बोलावलं आणि तिथेच राहिला. नोबेल मिळालं 1930 ला, म्हणजे तक्त्यानंतर एकोणतीस वर्षांनी. 1943 च्या जूनमध्ये लॅबमध्ये काम करताना हार्ट अटॅक आला, हातात पिपेट होती म्हणतात, दोन दिवसांनी गेला. ऑस्ट्रियाने पुढे 1000 शिलिंगच्या नोटेवर फोटो छापला, युरो यायच्या आधी.

एक प्रश्न हमखास येतो, मग 1901 पासून ग्रुप बघून रक्त द्यायला लागले का? नाही. त्याने पेपरच्या शेवटी लिहून ठेवलं होतं की रक्त चढवल्यावर कधी असं कधी तसं का होतं ते यावरून समजू शकेल, पण न्यूयॉर्कच्या रूबेन ओटेनबर्गने आधी क्रॉसमॅच करून रक्त द्यायला 1907 उजाडलं. आमच्याकडे नातेवाईक काउंटरवर ओरडतात ना, ग्रुप सेम आहे तर बॅग द्यायला अजून वेळ का, तेव्हा मी आत हेच करत असते, पेशंटचं सीरम आणि बॅगेतल्या पेशी एकत्र घालून गोळे होतात का ते बघणं. तक्त्यातला एक चौकोन फक्त. हे शिबिरात जरूर सांगा, निदान चार माणसं तरी पुढच्या वेळी ओरडणार नाहीत.

वेळ उरला असेल तर (उरवाच) आता तक्त्याला सातवी ओळ आणि सातवा रकाना जोडा. ही ओळ व्हिएन्नाची नाही, परळची. 1952 मध्ये केईएम हॉस्पिटलच्या डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात कळवलं की काही माणसं अशी सापडली ज्यांच्या पेशी ओ सारख्या दिसतात, पण सीरम ओ च्या पेशींचेही गोळे करतं. मुंबईत सापडला म्हणून बॉम्बे ग्रुप. सातव्या ओळीत सहाच्या सहा ठिकाणी लाल अधिक मारायला सांगा, लँडस्टायनरच्या रकान्यात सुद्धा, जिथे आतापर्यंत एकही अधिक नव्हता. लोक बघतच राहतात. कारण असं की ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच या लोकांत नसतो, आणि ओ वाल्यांच्या पेशींवर तो भरपूर असतो. आपल्याकडे दहा हजारांत एखादा असा निघतो. त्याला फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं, ओ निगेटिव्ह सुद्धा नाही. आणि निळ्या पिवळ्या बाटलीतल्या अँटी-ए अँटी-बी ने (पेशींवरचे ए, बी ओळखायची औषधं) नुसती स्लाईड केली तर तो ओ म्हणूनच दिसणार, म्हणून आम्ही उलट बाजूनेही तपासतो, त्याच्या सीरममध्ये ओ च्या पेशी टाकून.

भाषण संपलं की चार्ट गुंडाळून ठेवू नका, चहाच्या टेबलामागे चिकटवा. रक्त देऊन आलेली माणसं फ्रूटी पीत पीत आपला ग्रुप त्यात शोधतात, आणि दर वेळी कोणीतरी एबी वाला येऊन विचारतो की मॅडम यात आम्ही कुठेच नाही का. त्याला सांगायचं, तेव्हा सहा जणांत कोणी सापडलाच नाही हो, पुढच्याच वर्षी याच तक्त्यातल्या स्टुर्लीने डेकास्टेलो नावाच्या डॉक्टरबरोबर बरीच माणसं तपासली तेव्हा चार जण कुठेच बसेनात, ते तुमचे. मग पेन त्याच्याच हातात द्या, आठवी ओळ सगळी वजा मारायची आणि रकान्यात स्वतःचं घर सोडून सगळीकडे अधिक.