धातूवर गज चालवण्याआधी: हँडचाइम, व्हायब्राफोन, क्रोटाल आणि झांजेसाठी तयारीची यादी

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पहिलं काम गजाचं. धातू घासायला सगळ्यांत चांगला गज डबल बासचा. त्याचा केसांचा पट्टा रुंद असतो आणि वजन साधारण १३० ते १५० ग्रॅम, त्यामुळे दाब हाताने द्यावा लागत नाही, गजच देतो. चेलोचा गज ८० ग्रॅमच्या आसपास असतो. तो चालतो, पण खालच्या सुरांना कस लागतो. व्हायोलिनचा ६० ग्रॅमचा गज फक्त क्रोटाल (काशाच्या छोट्या चकत्या) आणि सगळ्यांत लहान हँडचाइम (हातात धरून वाजवायच्या धातूच्या नळ्या) यांच्यापुरता ठेवा. सारंगीचा गज जड असला तरी आखूड, म्हणून छोट्या झांजेवर एखादा सूर काढायला ठीक, लांब स्वर धरायला नाही. प्रत्येक वादकामागे दोन गज आणि सगळ्यांत मिळून एक जादा, असा हिशोब करा. महागडे लाकडी गज आणू नका, फायबरग्लासचे पुरतात. ॲल्युमिनियमवरून फिरलेल्या केसांवर राखाडी-काळा थर बसतो, झांजेच्या काठावर केस तुटतात, आणि असा गज पुन्हा तारेवर नेला की तारही काळी होते. म्हणून या गजांच्या पेटीवर पुणेरी पद्धतीची स्पष्ट पाटी लावाच: ‘हे गज धातूचे आहेत. व्हायोलिनला लावू नयेत. विचारूनही लावू नयेत.’

केस व्हायोलिनपेक्षा जरा जास्त ताणायचे. गज दाबून धरल्यावर काठी केसांमधून धातूला टेकता कामा नये, एवढा ताण पुरे. स्क्रू फिरवताना तो अडखळत असेल तर आजच दुरुस्तीला द्या. गजाला नवे केस बांधून देणारे कारागीर मोजके आहेत आणि ते त्याच दिवशी काम करून देत नाहीत.

आता रोझिन, म्हणजे गजाच्या केसांना घासायची राळ. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. गज धातूला पकडतो, थोडा ओढतो, सोडतो, पुन्हा पकडतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं तेव्हा सूर निघतो. पकड रोझिनची असते. व्हायोलिनची वडी कडक असते, तिची पूड गुळगुळीत धातूवर नुसती घसरते. बासची वडी मऊ आणि चिकट, तीच घ्या. नव्या, कोऱ्या केसांना तीस-चाळीस वेळा घासावी लागते, आधी वापरलेल्या गजाला पाच-सहा वेळा. बासची वडी एकाच दिशेने ओढायची, पुढेमागे घासली तर तिचे गोळे होऊन केसांना चिकटतात. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा ही वडी डबीतच पसरते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर तिचा पाक होतो. त्या दिवसांत ती घरातल्या थंड कोपऱ्यात आडवी ठेवावी आणि तालमीला निघताना पिशवीत टाकावी. पावसाळ्यात अडचण वेगळी. दमट हवेत केस लांबतात, सकाळी नीट ताणलेला गज संध्याकाळी ढिला लागतो, आणि हवेतला ओलावा धरलेल्या केसांवर रोझिन नीट बसत नाही. मग वादक आणखी रोझिन लावतो, आणि सुराऐवजी करकर ऐकू येते. जुलै-ऑगस्टमध्ये गज पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा, वाजवण्याआधी ताण पुन्हा तपासा आणि रोझिन वाढवण्याआधी केस कोरड्या सुती फडक्याने एकदा पुसा. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत केस आखडतात. रात्री ताणलेलाच ठेवलेला गज सकाळी वाकलेला सापडतो.

रोझिन केसांवर हवं, धातूचा काठ मात्र निर्मळ हवा. बोटांचा घाम, फर्निचर पॉलिश, नाहीतर मागच्या वेळी वाळलेलं रोझिन काठावर असेल तर गज त्या जागी घसरतो आणि सूर मध्येच तुटतो. यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. फडक्याला लावून फक्त गज लागणारा काठ पुसायचा. वाद्यावर लॅकर असेल तर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. थिनर, ॲसिटोन आणि पितळेची भांडी उजळायची पावडर यांना हातही लावू नका; पावडरचा पांढरा थर सूक्ष्म भेगांत बसतो. मग कापसाचा बोळा काठावरून फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे धातूला कुस आहे आणि तिथेच केस तुटणार. ती जागा खडूने खूण करून टाळायची. कानस मारू नका: पट्टीच्या टोकाचा किंवा हँडचाइमच्या जिभेचा धातू कमी झाला की स्वर चढतो, आणि तो परत उतरवणं सोपं नसतं.

हँडचाइमची तयारी वेगळी, कारण त्याची बांधणीच वेगळी. चौकोनी ॲल्युमिनियमची नळी, तिच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना वरून खाली फट, त्यामुळे दोन जिभा उरतात आणि त्या स्वरकाट्यासारख्या एकमेकींकडे ये-जा करतात. बाहेर बसवलेली छोटी हातोडी एका जिभेवर आपटते. गज चालवायची दिशा हातोडीकडे बघूनच ठरवायची: हातोडी ज्या दिशेने मारते, जीभ त्याच रेषेत हलते, म्हणून गजही त्याच रेषेत ओढायचा. आडवा ओढला तर कितीही रोझिन लावा, नुसती सळसळ येते. केस एकाच जिभेच्या वरच्या कडेवर टेकवायचे आणि गज एवढा तिरपा धरायचा की मागच्या जिभेवरून तो हवेत जाईल. दोन्ही जिभांना लागला तर एक दुसरीला गप्प करते. नवशिक्यांचा आवाज न निघण्याचं हे पहिलं कारण, आणि शिक्षकही ते उशिरा बघतात.

पकड मुठीच्या जागी, फट जिथे संपते त्याच्या खाली. बोट वर सरकून जिभेला टेकलं की सूर मरतो. हातोडीला केस बांधायचं पातळ रबर अडकवून ती नळीपासून लांब बांधून ठेवा. स्प्रिंग असली तरी गजाच्या धक्क्याने ती आपटते आणि लांब स्वराच्या मधे ‘टक्’ येतो. रबर एका ओढीत निघेल असं लावा, कारण त्याच रचनेत लगेच पुढे तो स्वर हातोडीने वाजवायचा असू शकतो. मोठे, खालच्या सुरांचे चाइम जड असतात. ते हातात धरून एका हाताने गज चालवणं तालमीत जमतं, कार्यक्रमात थकवतं. दोघांनी मिळून करा: एक धरणारा, एक गजवाला. किंवा टेबलाच्या काठावर फोमच्या दोन गाद्या मुठीखाली ठेवून चाइम आडवा झोपवा, जिभांचा भाग टेबलाबाहेर मोकळा राहू दे. फोम जिभांखाली आला तर स्वर उठतच नाही. टेबलासाठी १० सेंटीमीटर जाडीचा फोम आणि त्यावर जाड सुती कापड पुरे. प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर चाइम सरकतात.

व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य; त्याच्या पट्ट्यांना गज पट्टीच्या टोकावर उभा लागतो, कारण पट्टी वरखाली हलते. पॅडल दाबून ठेवावं लागतं, नाहीतर डॅम्परचा, म्हणजे स्वर थांबवणाऱ्या दांडीचा, फेल्ट स्वर दाबून टाकतो. पॅडल अडवायला लाकडी पाचर किंवा गोणपाटाची घडी तयार ठेवा. स्वराला थरथर देणारी मोटार बंद. खालच्या ओळीची टोकं वादकाकडे, वरच्या ओळीची समोरच्या बाजूला, म्हणून दोन्ही ओळींतले स्वर असतील तर दुसरा गजवाला वाद्याच्या पलीकडे उभा करायचा. पलीकडे एका माणसाला उभं राहून कोपर हलवता येईल एवढी जागा मंचाच्या नकाशातच धरा. पट्ट्यांमधली दोरी ढिली असेल तर उभ्या ओढीत पट्टी उचलली जाते आणि खिळ्यावर खटखटते. दोरी जुनी दिसली की बदलाच. पट्टीच्या मधोमध बोटाचं टोक अलगद टेकवून गज चालवला, तर मूळ स्वर दबतो आणि व्हायब्राफोनच्या जुळणीनुसार दोन सप्तकं वरचा स्वर उरतो. हवा असेल तेव्हा ही युक्ती कामाची. नको असताना असा चढा चिरका आवाज आला तर बहुधा गज फार वेगात आणि हलका चालतोय: वेग कमी करा, वजन वाढवा.

क्रोटाल लहान, जाड काशाच्या चकत्या. कडेला उभा गज, दुसऱ्या हाताने स्टँड घट्ट धरून, कारण हलकं स्टँड गजासोबत नाचतं. लिहिलेल्यापेक्षा दोन सप्तकं वर वाजतात हे संगीत संयोजकाला आधी सांगा. हँडचाइम एक सप्तक वर वाजतात. दोन्ही एकत्र लिहिताना इथे चुका होतात.

टांगत्या झांजेला, म्हणजे सस्पेंडेड सिंबलला, काठावर गज वरखाली ओढायचा. दुसऱ्या हाताने झांज स्थिर करायची, पण कुठे, हा प्रश्न आहे. मध्यभागाला खालून आधार दिला तर खोल गुणगुण येते. काठावर अंगठा-बोटाची चिमूट घेतली तर त्या जागी कंप थांबतो आणि वेगळा, टोकदार स्वर वर येतो. चिमूट सरकवली की दुसरा. हव्या असलेल्या जागा तालमीत शोधून मास्किंग टेपच्या छोट्या तुकड्याने खूण करा. टेप काठापासून आत लावा, गजाच्या मार्गात नको. शाळेचा टोल, काशाची थाळी, काशाची वाटी हेही चालतात. साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असलेलं कासं छान बोलतं. तांबट आळीतलं शुद्ध तांब्याचं भांडं देखणं असतं, पण तांबं मऊ, त्याचा नाद गजाखाली लवकर विझतो.

स्वरलेखनाची तयारी. प्रत्येक गजाच्या स्वराजवळ ‘आर्को’ (म्हणजे गजाने) लिहा, आणि तो स्वर संपल्यावर लगेच कोणतं काठीचं काम आहे तेही. गज खाली ठेवून काठ्या उचलायला दोन-तीन सेकंद लागतात. स्वर उठायलाही वेळ लागतो: खालचे सुस्त, वरचे त्यामानाने चटकन. म्हणून ओढ ठोक्याच्या किंचित आधी सुरू करावी. बासच्या गजात केसांची लांबी ५५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून संथ ओढीत तीन-चार सेकंदांपेक्षा मोठा स्वर एका गजात मागू नका. तो हवाच असेल तर दुसऱ्या वादकाने पहिला गज सुटण्याआधी त्याच स्वराच्या दुसऱ्या वाद्यावर सुरुवात करावी. गज धातूवरून काढताना तो चालता-चालताच सुटला पाहिजे; थांबवून उचलला तर केसच डॅम्परचं काम करतात.

जागा. गजाचे आवाज हळू असतात, पंख्याची घरघर त्यांना गिळते. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत ते पोहोचतात. बालगंधर्वसारख्या मोठ्या सभागृहात माइक लागतोच, वाद्यापासून ६० ते १०० सेंटीमीटर अंतरावर, कारण जवळ आणला की रोझिनची खरखर सुरापेक्षा मोठी होते. ध्वनिव्यवस्थापकाला हे आधी सांगा, नाहीतर तो सवयीने जवळ लावतो. ऑगस्टमध्ये संध्याकाळची तालीम नदीकाठाजवळ ठेवू नका: ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो, आणि त्यापुढे बासचा गजही शरण. ध्वनिमुद्रण गुरुवारी ठेवण्याआधी त्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद असणार का, ते विचारून घ्या.

पिशवीत शेवटी हे सगळं असू दे: गज, बासची वडी, मायक्रोफायबरची तीन फडकी (केसांसाठी, काठासाठी आणि उरलेल्या वाद्यासाठी, एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तीन रंगांची), अल्कोहोलची छोटी बाटली, केसांची रबरं, टेप, खडू, छोटी कात्री. तुटलेला केस ओढून काढू नका, शेजारचेही निसटतात. टोकाजवळ कात्रीने कापा. वाजवून झाल्यावर काठांवरची रोझिनची पूड गरम असतानाच पुसा, रात्रभर राहिली तर दगडासारखी बसते. गजाचे केस ढिले करा, हातोडीची रबरं काढा. तशीच राहिली तर स्प्रिंग दमते, आणि पुढच्या वेळी हातोडी हव्या त्या ठोक्याला उशिरा येते.