तांबं आणि अभ्रकाचा जुना दिवा कसा पारखावा, कसा जपावा

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्यांनी इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं सगळं जुनं सामान विकायला काढतात त्या विक्रीत, अभ्रकाची मधाच्या रंगाची छत्री असलेला, काळपट तांब्याचा टेबल लॅम्प दिसला तर नुसतं बघून पुढे जाऊ नये. तो डर्क व्हॅन अर्पच्या हातचा असू शकतो. १८६२ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेला हा कारागीर मेअर आयलंडच्या नौदल गोदीत कामाला होता. तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ठोकून तो फुलदाण्या करायचा. १९०८ मध्ये त्याने ओकलंडला दुकान थाटलं आणि १९१० मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोला हलवलं. तिथे डार्सी गॉ ही डिझायनर जेमतेम वर्षभर त्याची भागीदार होती.

आधी दिवा बंद ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. बुडाखाली पवनचक्कीचा ठसा आणि चौकटीत नाव शोधा. भागीदारीच्या काळातल्या ठशात गॉचंही नाव आहे, पुढे ते काढलं गेलं. दोन्ही नावांचा दिवा दुर्मिळच.

ठसा मात्र खोटाही मारता येतो, म्हणून तांब्यावरून बोट फिरवा. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचं काम, पाहिलेल्याला हे लगेच कळेल: ठोके ओळीने असले तरी दोन ठोके तंतोतंत सारखे नसतात. यंत्रावर दाबलेल्या पत्र्यात तीच खळगी ठरावीक अंतराने पुन्हा येते.

मग छत्रीमागे टॉर्च धरा. अभ्रकाचे पापुद्रे एकमेकांवर चढलेले, कुठे दाट कुठे विरळ दिसतात. प्लास्टिक सगळीकडे सारखंच दिसतं. अभ्रक नंतर बदललेलं आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा, किमतीत बराच फरक पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवा घरी आला की तो घासू नका. आपल्याकडे तांबं दिसलं की हात आपसूक चिंच-मिठाकडे, नाहीतर पितांबरीकडे जातो. हंड्याला ते ठीक आहे. इथे तो तपकिरी-लालसर थर म्हणजे मळ नव्हे. कारागिराने मुद्दाम आणलेला रंग आणि त्यावर शंभर वर्षांच्या हवेने चढवलेली छटा, दोन्ही त्यात आहेत. एकदा घासून लखलखीत केलं की ते परत येत नाही, आणि दिव्याची किंमतही उतरते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे नुकसान प्रेमाने केलेलं असतं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा, बस्स.

छत्रीला मऊ ब्रश पुरे. या छत्र्यांत अभ्रकाचे तुकडे सहसा लाखेने जोडलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे स्पिरिटचा बोळा किंवा काच पुसायचा स्प्रे जवळही आणू नका.

कापडी वेष्टनाची जुनी वायर ठिसूळ झालेली असते. इलेक्ट्रिशियनकडून बदलून घेईपर्यंत प्लग लावू नका. दिवा भारतात आणणार असाल तर होल्डर आणि बल्बही २३० व्होल्टला चालणारे घ्या. काढलेले मूळ भाग पुडीत बांधून, चिठ्ठी लावून जपा. उष्णतेने लाख मऊ पडते, म्हणून २७०० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, कमी वॅटचा एलईडी लावा.