करार कधीचा?

लॉची पदवी घेऊन फोर्टमधल्या एका चेंबरमध्ये रुजू झाले तेव्हा डोक्यात एआय, डीपफेक, आवाजाची नक्कल असलंच सगळं होतं. पहिल्या आठवड्यात हातात आली एक कापडी पिशवी. आत वीसेक कागद, दोन कॅसेटची कव्हरं आणि स्टॅम्पपेपरवरचा १९९८ चा करार. अशील भक्तिगीतं लिहिणारे निवृत्त गुरुजी. गाणी आता ॲपवर वाजत होती, रील्समध्ये फिरत होती आणि त्यांच्या पदरात एक पैसा नव्हता.

मी रात्रभर जागून टिपण केलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ चं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, मला तोंडपाठ होतं: करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क जात नाहीत. १९९८ मध्ये कुठलं आलंय स्ट्रीमिंग! मॅडमनी टिपण वाचलं, पेन्सिलीने एक गोल केला. "परंतुक कधी आलं?" २०१२ च्या दुरुस्तीने. चौदा वर्षं जुन्या कराराला ते लागू होतं हे मी गृहीतच धरलं होतं. समोरचा वकील उभा राहताक्षणी तिथेच बोट ठेवणार.

मग करार पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने. 'सर्व हक्क' होतं, 'मानधन पोचले' होतं. हक्क किती वर्षांसाठी, ते मात्र कुठेच नव्हतं. मुदत लिहिली नसेल तर कलम १९(५) प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, म्हणजे त्यानंतर हक्क पुन्हा गुरुजींचेच. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीतली, म्हणजे करारापेक्षा जुनी. 'कायमस्वरूपी' हा एक शब्द त्यात असता तर आमचा हा मुद्दाच गेला असता.

मराठी माध्यमात शिकल्याचा फायदा मला इथे झाला. 'मानधन' म्हणजे कामाचे एकदाच मिळणारे पैसे, 'रॉयल्टी' म्हणजे गाणं वापरलं जाईल तसा मिळत राहणारा वाटा; भाषांतरात दोन्हींचं 'पेमेंट' होतं, आणि अर्धा वाद तिथेच हरवतो. या कामात येणार असाल तर मूळ कागद मागा.

पैशांचं म्हणाल तर पहिली दोन वर्षं लोकलचा पास आणि डबा एवढंच भागतं. घरी आधीच सांगून ठेवा.

आवाजाची प्रकरणंही यथावकाश येतात. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांचं नाव, आवाज, अगदी 'झकास'सुद्धा परस्पर वापरायला मनाई केली. मुंबईत २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या एआय-नकलेविरुद्ध दिलासा मिळाला. जरूर वाचा, पण हे सगळे अंतरिम, म्हणजे खटला संपेपर्यंतचे तात्पुरते, आदेश आहेत. व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांसाठी, म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्कांसाठी, आपल्याकडे वेगळा कायदा नाही, त्यामुळे इंटर्न मुलं हेच आदेश शेवटच्या निकालासारखे ठोकून देतात. मीही ठोकलेत.

गुरुजी परवा येऊन गेले. "वकीलबाई, माझी पदं वाचून उद्या मशीनच तशी पदं पाडायला लागलं तर?" आपल्या बातम्या परवानगीशिवाय एआयला शिकवायला वापरल्या म्हणून एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर दिल्लीत २०२४ मध्ये केलेल्या दाव्याबद्दल मी त्यांना सांगितलं. तिथे बातम्या आहेत, इथे पदं. पण प्रश्न त्याच जातीचा. सगळं ऐकून घेऊन त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली आणि माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक पदाखाली लिहिल्याची तारीख होती. काही ठिकाणी वारसुद्धा.