जरबेऱ्याची मान बादलीतच मोडते

माल बाजारात पोचला आणि जरबेऱ्याच्या माना पडल्या, की नवा माणूस आधी वाणाला नावं ठेवतो, मग रोपवाल्याला, मग गाडीवाल्याला. पाण्याकडे सगळ्यात शेवटी बघतो. खानदेशात सुरुवातच पाण्यापासून करा.

कापलेली फुलं ज्या बादलीत उभी करतात, तिच्या पाण्याच्या जवळजवळ प्रत्येक तक्त्यात एक ओळ सापडते: लिटरला ०.३ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. हेतू बरोबर आहे. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं पाणी आंबट), ३.५ ते ५ दरम्यान आला की जिवाणू दबतात आणि पाणी देठातून सहज चढतं. पण हा तक्ता मऊ पाण्याचा आहे. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट हे आम्ल आधीच गिळून टाकतात. तपासणी अहवालात अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल गिळायची ताकद, लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर ०.३ ग्रॅम टाकूनही पीएच ६ च्या वरच राहतो. ४ वर आणायला लिटरला साधारण १.२ ग्रॅम लागतं. म्हणजे चौपट! टीडीएस मीटर हे सांगत नाही, तो फक्त एकूण क्षार मोजतो. मीटरचा आकडा बघून आम्ल ठरवणारे सल्लागार मला तरी भरवशाचे वाटत नाहीत.

म्हणून ग्रॅम विसरा, पीएच धरा. प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घ्या, जस्ताच्या बादलीत नको, आम्ल ती खातं. २-२ ग्रॅम आम्ल टाकत ढवळा आणि प्रत्येक वेळी पीएच मीटरने मोजा. मीटर आधी ४ आणि ७ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, जुळवून घ्या. बारीक बुडबुडे येतील, तो निघणारा कार्बन डायऑक्साइड. ४ ला पोचलात तरी थांबू नका, अर्ध्या तासाने परत मोजा. आकडा थोडा सरकू शकतो आणि लोक इथेच फसतात. शेवटी १० लिटरला जेवढे ग्रॅम लागले तो तुमच्या बोअरचा आकडा, भिंतीवर लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात पुन्हा काढा, पाण्याची पातळी बदलली की आकडाही बदलतो. लिटरला दीड ग्रॅमच्या वर जात असाल तर आरओचं पाणी घेतलेलं परवडतं. मिठावर चालणारा सॉफ्टनर मात्र नको. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि गुलाबाला ते बाधतं.

एवढं जमलं की अर्धी लढाई झाली. घाबरू नका, एका सकाळचं काम आहे.

आता कडक शब्दांत एक गोष्ट. आम्लाच्या बादलीत हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) कधीही ओतू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद पॅकहाऊसमध्ये तो जीव घेऊ शकतो. दोन्ही टाकलं तर दुप्पट टिकेल, हा हिशेबच चुकीचा आहे. ठिबक धुवायचं अ‍ॅसिड तर फुलांच्या खोलीत आणूच नका. बादल्या हायपोक्लोराइटने घासल्या असतील, तर आम्ल भरण्याआधी साध्या पाण्याने नीट विसळा.

वर सांगितलेलं आम्लाचं पाणी गुलाबाला, आणि जरबेऱ्याला क्लोरीनचं, म्हणजे हायपोक्लोराइटचं पाणी, असं वेगळं ठेवलं की गोंधळच होत नाही. ५ टक्के हायपोक्लोराइट लिटरला १ मिली टाकलं की साधारण ५० पीपीएम (लिटरला ५० मिलिग्रॅम) होतं. त्याच्या दुप्पट गेलात तर देठ करपतो. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या कॅनचा जोर उतरतो, म्हणून ताजा कॅन घ्या, सावलीत ठेवा आणि द्रावण रोज बदला. जरबेरा ओढून काढतात, त्यामुळे देठाच्या तळाशी टणक भाग राहतो. तो २-३ सेंटिमीटर छाटल्याशिवाय कुठलंही औषध वर चढणार नाही.

साखरेबद्दल थोडक्यात: लिटरला २० ग्रॅम, तीही जिवाणूनाशक असेल तरच. नुसती साखर म्हणजे जिवाणूंना जेवणाचं आमंत्रण.

चांदीचं द्रावण, म्हणजे सिल्व्हर थायोसल्फेट, फुलं कोमेजवणाऱ्या इथिलीन वायूचा परिणाम रोखतं आणि कार्नेशनसाठी खरंच उपयोगी आहे. जरबेऱ्यावर ते वाया जातं, त्यामुळे सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका. करायचंच असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरा, हातमोजे घाला आणि सिल्व्हर नायट्रेट थायोसल्फेटमध्ये हळूहळू ढवळत ओता. उलट केलंत तर काळा गाळ बसतो. उरलेलं द्रावण नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. पाण्यातल्या जिवांना चांदी विषारी आहे.

आणि रावेर-सावद्याकडून केळीची गाडी जात असेल, तर स्वस्तात होतंय म्हणून त्यात फुलं चढवू नका. पिकत्या केळीतून इथिलीन निघतं. जरबेरा ते बराच सोसतो, पण कार्नेशन मिटतं आणि काही गुलाबांच्या पाकळ्या झडतात. केळी पिकवायच्या चेंबरच्या भिंतीला लागून असलेली थंड खोली भाड्याने मिळत असेल, तर तीही नको.