रुग्णालयातील मारहाण टाळण्यासाठी : दारावरची तपासणी आणि दाराआतली व्यवस्था

१० मे २०२३ च्या पहाटे केरळातील कोट्टारक्करा येथील तालुका रुग्णालयात, पोलिसांनी जखमेवर उपचारासाठी आणलेल्या एका माणसाने तिथलीच शस्त्रक्रियेची कात्री उचलून एका प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीला भोसकले आणि त्यात तिचा मृत्यू झाला. त्या रुग्णालयाच्या दारात कितीही महागडे धातुशोधक यंत्र असते, तरी ही कात्री त्यात सापडली नसती, कारण ती बाहेरून आलीच नव्हती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील मध्यम आकाराच्या रुग्णालयांत सुरक्षेचा विषय निघाला की पहिल्यांदा यंत्राचे कोटेशन मागवले जाते. माझा सल्ला असा की, त्याआधी एक रात्र कॅज्युअल्टीत स्टूल टाकून बसावे आणि भडकलेल्या माणसाच्या हाताला तिथे काय काय लागू शकते, याची यादी करावी.

आधी आतली हत्यारे

या यादीत बहुधा ड्रेसिंगच्या ट्रेमधील कात्री व ब्लेड, सलाइनचा सुटा स्टँड, प्लास्टिकच्या खुर्च्या, ऑक्सिजन सिलिंडरची चावी आणि टेबलावरचा काचेचा पेपरवेट या वस्तू निघतात. कात्री, ब्लेड आणि सुया झाकणाच्या व कुलपाच्या ट्रॉलीत ठेवाव्यात, काम संपताच त्या परत आत जाव्यात आणि पाळी बदलताना सिस्टरने त्यांची मोजणी रजिस्टरमध्ये लिहावी. प्रतीक्षागृहात एकमेकांना जोडलेली आणि जमिनीला बोल्ट मारलेली बाके बसवावीत. डॉक्टरची खुर्ची अशी ठेवावी की दाराकडे जाण्याची वाट रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या मागून जाणार नाही. खोलीला दुसरे दार काढता आले तर फारच चांगले. टेबलाखाली घंटेचे बटण बसवणे स्वस्त असते, मात्र ती घंटा कुठे वाजते आणि ती ऐकून कोण धावत येते, हे ठरलेले नसेल तर बटण निरुपयोगी ठरते.

पोलिसांनी आणलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाची तपासणी हा प्रसंग स्वतंत्रपणे हाताळावा. त्याला ट्रॉलीपासून दूर बसवावे, लागेल तेवढेच साहित्य हातात घेऊन जावे, आणि सोबतच्या पोलिसाने दाराबाहेर फोनवर बोलत उभे न राहता हाताच्या अंतरावर थांबावे, अशी विनंती लेखी नियमाच्या आधारे करावी. तोंडी विनंती रात्री दोन वाजता कोणी मनावर घेत नाही.

दारावरची तपासणी

तपासणीसाठी प्रवेशद्वारांची संख्या आधी कमी करावी लागते. नातेवाइकांसाठी एक, कर्मचाऱ्यांसाठी एक आणि रुग्णवाहिकेसाठी एक एवढी दारे पुरतात. मात्र आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या दारांना कुलूप लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ती दारे आतून ढकलताच उघडणारी आणि बाहेरून न उघडणारी असावीत. तातडीच्या रुग्णाला कोणत्याही तपासणीसाठी अडवू नये. जीव वाचवण्यासाठी तत्काळ उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. स्ट्रेचर सरळ आत जाते आणि तपासणी होते ती त्याच्यामागून धावणाऱ्यांची.

चौकटीचे धातुशोधक यंत्र लिफ्ट, लोखंडी शटर आणि ट्रॉल्यांची वाट यांच्यापासून दूर बसवावे, नाहीतर ते दिवसभर उगाच वाजते आणि दोन दिवसांत वॉचमन त्याकडे लक्ष देणे सोडतो. आपल्याकडे यंत्र वाजण्याची कारणे ठरलेली असतात: स्टीलचा जेवणाचा डबा, तांब्या, बायकांची जोडवी आणि पैंजण, कमरेचा करगोटा आणि म्हाताऱ्यांच्या चंचीतला अडकित्ता. यंत्राजवळ टेबल ठेवून डबे व पिशव्या त्यावरून आणि माणसे चौकटीतून, अशी वाट लावली की निम्मा गोंधळ मिटतो. यंत्राची संवेदनशीलता मध्यम आकाराची सुरी हमखास पकडेल इतकी ठेवावी आणि रोज सकाळी तशीच एक सुरी घोट्याजवळ, कमरेशी व काखेत ठेवून यंत्र वाजते का, ते पाहावे. पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या छातीवर हातातले यंत्र धरून ठेवू नये, त्याची तपासणी हाताने करावी. गरोदर स्त्रियांना या यंत्रांपासून धोका नसतो, कारण त्यांत क्ष-किरण नसतात. तरीही कोणी नको म्हटले तर वाद न घालता हाताने तपासावे. स्त्रियांची तपासणी स्त्री कर्मचाऱ्यानेच, पडद्याआड करावी.

खाजगी सुरक्षारक्षकाला कोणाची अंगझडती बळजबरीने घेण्याचा अधिकार नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगावे. तपासणी संमतीनेच होते. संमती न देणाऱ्या भेटीकऱ्याला आत सोडायचे नाही, एवढेच रुग्णालयाच्या हाती असते.

ऊसतोडीच्या हंगामात चिकोडी, रायबाग, अथणी भागात फडातून थेट दवाखान्यात आलेल्या माणसाकडे कोयता असणे यात नवल नाही. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात, पण शेतीच्या आणि घरगुती वापराच्या अवजारांना त्यातून वगळले आहे. म्हणून कोयतेवाल्याला गुन्हेगारासारखे वागवू नये. नंबर घातलेला टोकन द्यावा, कोयता कुलपाच्या पेटीत ठेवावा आणि जाताना परत करावा. बंदुकीची गोष्ट वेगळी आहे. पीकरक्षणाचा परवाना असो की पुढाऱ्याचा अंगरक्षक असो, शस्त्र वॉर्डात जाणार नाही, आणि रक्षकाने ते स्वतःच्या हातातही घेऊ नये, कारण भरलेले शस्त्र हाताळण्यातच अपघात होतात. परवानाधारकाला ते बाहेर ठेवून यायला सांगावे आणि त्याने ऐकले नाही तर ११२ वर फोन करावा. लपवलेला सुरा सापडला तर हिसकावून घेऊ नये. दोन पावले मागे सरून, हळू आवाजात बोलत, मधली माणसे बाजूला काढावीत आणि पोलिसांना बोलवावे.

वॉचमनची भाषा हा तपासणीचाच भाग आहे. बेळगाव परिसरात वॉचमन कन्नड बोलणारा, नातेवाईक चंदगड किंवा खानापूरकडचे मराठी आणि सिस्टर तिसऱ्याच राज्यातली, असे अनेकदा असते. आपल्याकडच्या कन्नडमध्ये ‘निल्ल’ (थांब) आणि ‘निल्री’ (थांबा) यांत जो फरक आहे, तो मराठी माणसालाही बरोबर कळतो, आणि त्या एका ‘री’अभावी पुढचा अर्धा तास बिघडतो. प्रत्येक पाळीत दारावर किमान एक जण दोन्ही भाषा बोलणारा असावा. फलकांवर कायद्याप्रमाणे साठ टक्के जागा कन्नडला द्यायची असते. उरलेल्या जागेत मराठी मजकूर मोठ्या अक्षरांत बसतो, बसवण्याची इच्छा हवी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने निवृत्त जवान रक्षक म्हणून सहज मिळतात. शिस्त त्यांना शिकवावी लागत नाही, रडणाऱ्या माणसाशी बोलणे मात्र शिकवावे लागते.

थांबलेली माणसे

गावात कोणी गंभीर झाले की टेम्पो भरून भावकी येते. त्या वीस माणसांना हाकलणे शक्य नसते आणि वॉर्डात सोडणे योग्य नसते. त्यांच्यासाठी सावली, पाणी आणि संडास असलेली जागा द्यावी, एका रुग्णामागे दोनच पास द्यावेत आणि त्यांच्यातूनच ज्याचे बाकीचे ऐकतात असा एक माणूस बोलण्यासाठी निवडायला सांगावे. त्याला दर अर्ध्या तासाने, सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी, ‘अजून तसेच आहे, उपचार चालू आहेत’ एवढे कळवावे. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांची सुरुवात उपचारातील चुकीवरून नव्हे, तर दोन तास कोणीच काही न सांगितल्यावरून झाली होती. मृत्यूची बातमी व्हरांड्यात उभ्या उभ्या देऊ नये. डॉक्टरने दोन जवळच्या नातेवाइकांना खोलीत बसवून, दार उघडे ठेवून आणि बाहेर एक सहकारी उभा करून, त्यांना कळणाऱ्या भाषेत सांगावे.

दुसरे कारण पैशाचे असते, आणि सीमाभागात त्याला एक वेगळा पीळ आहे. रुग्णाकडे महाराष्ट्राचे रेशनकार्ड असते, रुग्णालय कर्नाटकात असते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचे जाहीर केल्यापासून अनेकांची समजूत अशी झाली आहे की, कोणत्याही दवाखान्यात ती चालते. कोणती योजना इथे लागू आहे आणि कोणती नाही, हे दाखल करतानाच काउंटरवर लिहून द्यावे. डिस्चार्जच्या दिवशी ते सांगितले, तर त्या संतापाला धातुशोधक यंत्र काय करणार? बिलासाठी मृतदेह अडवून ठेवणे हे तर भांडणाला स्वतःहून दिलेले आमंत्रण आहे.

आवाज चढल्यावर

परिचारिकांना पाच खुणा शिकवाव्यात: टक लावून पाहणे, बोलण्याला आलेली धार, वाढत जाणारी घालमेल, पुटपुटणे आणि येरझाऱ्या. यांपैकी दोन-तीन एकत्र दिसल्या की एकटीने बोलत राहू नये, दुसऱ्याला बोलवावे. अंतर दोन हातांचे ठेवावे, समोरासमोर न राहता थोडे तिरके उभे राहावे, ‘शांत व्हा’ असे म्हणू नये, कारण त्याने कोणी शांत झालेले पाहण्यात नाही. बसायला सांगावे आणि त्याचे म्हणणे पुन्हा त्यालाच सांगून दाखवावे. मदतीसाठी माइकवर पुकारायचा एक ठरावीक शब्द सर्वांना, झाडूवाल्या मावशींनाही, माहीत असावा आणि महिन्यातून एकदा रात्रपाळीत त्याचा सराव व्हावा. दिवसा केलेला सराव बहुधा फोटोपुरता असतो.

घडून गेल्यावर

रुग्णालयातील हिंसा व मोडतोडीविरुद्धचा कर्नाटकाचा २००९ चा कायदा सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना लागू आहे. त्याखालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून मोडतोड झालेल्या उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाईची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्राचा असाच कायदा २०१० चा आहे, परंतु हल्लेखोर गडहिंग्लजचा असला तरी घटना बेळगावात घडल्यास कर्नाटकाचाच कायदा लागतो. फिर्याद मार खाल्लेल्या सिस्टरच्या नावावर ढकलू नये, संस्थेने द्यावी. कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयात एका डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने आपल्या रुग्णालयांच्या प्रमुखांवर सहा तासांच्या आत संस्थेतर्फे गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी टाकली. खाजगी रुग्णालयानेही हीच मुदत स्वतःवर घालून घ्यावी.

फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे कायद्याने बंधनकारक आहे. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी कन्नड जाणणारा सहकारी सोबत नेऊन, मजकूर समजल्यावरच सही करावी. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते त्याच दिवशी वेगळ्या ड्राइव्हवर उतरवावे आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडावे लागणारे प्रमाणपत्र सोबत तयार ठेवावे. जखमी कर्मचाऱ्याची वैद्यकीय तपासणी शक्यतो दुसऱ्या रुग्णालयात करून घ्यावी, आणि तिला दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात त्याच पाळीला बोलावू नये. नुसती शिवीगाळ झाली आणि हात उगारला गेला नाही, असे प्रसंगही तारीख, वेळ आणि जागा घालून वहीत नोंदवावेत. दोन-तीन महिन्यांची पाने उलटली की बिलाची खिडकी, रात्रीचे नऊ, शनिवार असे काहीतरी पुन्हा पुन्हा येताना दिसते, आणि जादा माणूस कुठे उभा करायचा हे त्यावरून ठरवता येते.